एकच झरा, तोही तटाबाहेर: बायबलच्या काळातलं यरुशलेम पाणी कुठून आणायचं?

बायबलमध्ये पाणी सारखं भेटतं. योसेफाला त्याचे भाऊ कोरड्या खड्ड्यात टाकतात, यिर्मया संदेष्टा चिखलात रुततो, जन्मापासून आंधळा असलेला माणूस तळ्यावर डोळे धुवायला जातो, अडतीस वर्षं आजारी असलेला एक जण तळ्याच्या काठावर पडून असतो. आपण गोष्ट वाचतो आणि पुढे जातो. पण तो खड्डा कसला, ते तळं कुणी बांधलं, त्यात पाणी यायचं कुठून, आणि त्या तळ्याजवळच एवढ्या घटना का घडतात, हे सहसा कुणी विचारत नाही. मला हा विषय फार जवळचा वाटतो, कारण पाण्याची ही सिस्टीम एकदा समजली की बायबलमधली कितीतरी वाक्यं एकदम जमिनीवर येतात, आणि तुम्ही श्रद्धेने वाचत असा किंवा नुसती इतिहासाची आवड म्हणून, फरक पडतोच.

आधी भूगोल बघू. यरुशलेम डोंगररांगेच्या माथ्यावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. नदी नाही. यार्देन नदी आहे, पण ती पूर्वेला खोल दरीत, शहरापेक्षा हजार मीटरहून जास्त खाली, म्हणजे पंप नसलेल्या जमान्यात तिचा शहराला काडीचा उपयोग नाही. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तो पडतो हिवाळ्यात, आपल्यासारखा जून-जुलैत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरुवात होते, एप्रिलपर्यंत संपतो, आणि त्यानंतर मे ते सप्टेंबर आभाळ जवळजवळ कोरडंच. म्हणजे हिवाळ्यात जे पडलं ते पाच-सहा महिने पुरवायचं, नाहीतर शहर सोडून जायचं.

जमीन चुनखडीची. चुनखडी पाणी धरून ठेवत नाही, फटीफटींतून खाली सोडते, आणि ते मुरलेलं पाणी कुठेतरी खाली झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. यरुशलेमचा असा एकच बारमाही भरवशाचा झरा होता, गीहोन. तोही सतत एकसारखा वाहत नाही, आतल्या पोकळ्या भरल्या की भसकन उसळतो, मग मंदावतो, मग परत उसळतो. पावसाळ्यात जोर जास्त, उन्हाळ्याच्या शेवटी कमी.

आणि इथेच सगळा घोळ आहे. जुनं यरुशलेम, ज्याला दावीदपूर म्हणतात, ते एका अरुंद सोंडेवर वसलेलं होतं आणि गीहोन झरा त्या सोंडेच्या पूर्वेला अगदी तळाशी, किद्रोनच्या ओढ्याजवळ. संरक्षणासाठी तट बांधायचा तर तो चढावर हवा, तळाशी बांधला तर समोरच्या टेकडीवरून शत्रू आत दगड टाकू शकतो. पण तट चढावर घेतला की झरा बाहेर राहतो. म्हणजे शांततेच्या काळात ठीक, बायका घागरी घेऊन उतरतील आणि वर येतील, पण वेढा पडला की शत्रू झऱ्यावर बसणार आणि आतले तहानेने मरणार. पुढची हजारभर वर्षं या शहराने पाण्यासाठी जे जे केलं, त्यातलं बरंचसं या एका अडचणीतून आलंय.

इस्राएली लोक येण्याच्या आधीच्या कनानी लोकांनीही यावर उपाय केला होता. झऱ्याभोवती प्रचंड दगडांचे बुरूज आणि डोंगराच्या पोटातून तिथपर्यंत उतरणारा चोरमार्ग अशी ती रचना. हे बुरूज इ.स.पूर्व १८०० च्या सुमाराचे असं बरीच वर्षं धरलं जायचं, अलीकडच्या कार्बन डेटिंगनंतर काही अभ्यासक त्यातल्या एका बुरुजाचं बांधकाम बरंच नंतरचं, इ.स.पूर्व नवव्या शतकाच्या आसपासचं म्हणतात, तो वाद चालू आहे. १८६७ मध्ये चार्ल्स वॉरन नावाच्या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरला तिथे एक उभा खोल दगडी बोगदा सापडला आणि शंभर वर्षं सगळ्यांना वाटायचं की दावीद राजाचा सेनापती यवाब यातूनच वर चढून शहरात घुसला असेल. १९९५ नंतर रॉनी राइश आणि एली शुक्रोन यांनी तिथे नीट उत्खनन केलं तेव्हा कळलं की ती उभी विहीर नैसर्गिक आहे, आणि मूळ चोरमार्ग तिच्या वरून पुढे एका संरक्षित कुंडाकडे जात होता.

झरा हा सगळ्यांचा. पण घरातलं रोजचं पाणी? त्यासाठी टाकं. आपल्याकडे गडावर कातळात खोदलेली टाकी असतात ना, तत्त्व तेच, फक्त तिथे ती घरोघर, अंगणाखाली असायची. तोंड लहान, जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, आणि खाली पोट मोठं, बाटलीसारखं. लहान तोंडामुळे ऊन आत जात नाही, बाष्पीभवन कमी, शेवाळ कमी, गुरं-पोरं पडायची भीती कमी. तोंडावर दगडाचं झाकण. छपरावरचं आणि अंगणातलं पाणी पन्हाळीने आधी एका छोट्या खड्ड्यात यायचं, तिथे गाळ बसायचा आणि वरचं पाणी मुख्य टाक्यात. जुन्या टाक्यांच्या तोंडाचे दगड बघितले तर कडेला खोल चिरा पडलेल्या दिसतात, पिढ्यानपिढ्या दोर घासून घासून पडलेल्या.

हिशोब करून बघा. घराचं छप्पर धरा ५० चौरस मीटर, पाऊस ५५० मिलिमीटर, म्हणजे २७ हजार लिटरच्या वर पाणी पडलं. थोडं वाया गेलं धरून २२ हजार लिटर टाक्यात आलं समजा. वर्षाच्या ३६५ दिवसांत वाटलं तर दिवसाला ६० लिटर. सहा माणसांचं घर असेल तर माणशी १० लिटर, त्यात पिणं, स्वयंपाक, हातपाय धुणं, आणि शेळी-मेंढी असेल तर तिचंही. जगता येतं, पण एक वर्ष पाऊस निम्मा पडला की संपलं.

आता यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे प्लास्टर. चुनखडीत नुसतं टाकं खोदून पाणी राहत नाही, फटींतून निघून जातं. म्हणून आतून चुन्याचा गिलावा करायचा. त्यासाठी चुनखडी भट्टीत भाजायची, साधारण ९०० अंशांपर्यंत तापमान न्यायचं, म्हणजे लाकूड ढीगभर जाळायचं, मग तो चुना विझवायचा, कालवायचा आणि हाताने दाबून दाबून भिंतींना लावायचा. २०१२ मध्ये मंदिराच्या टेकडीजवळ, पश्चिमेच्या बाजूला, शलमोन राजाने बांधलेल्या पहिल्या मंदिराच्या काळातलं एक मोठं सार्वजनिक टाकं सापडलं, साधारण २५० घनमीटरचं, म्हणजे अडीच लाख लिटर. त्याच्या भिंतींवर गिलावा करणाऱ्यांच्या हातांचे ठसे अजून आहेत. पंजा कसा दाबला, बोटं कुठे थांबली ते दिसतं. राजांची नावं शिलालेखात राहतात, या गवंड्यांचा हात मात्र प्रत्यक्ष उरलाय, मला तर ते शिलालेखाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

गिलाव्याला तडा गेला की टाकं गेलं. आणि ते कळतं कधी, तर उन्हाळ्यात, पोहरा खाली सोडल्यावर, जेव्हा दुसरा पाऊस यायला अजून कितीतरी महिने असतात. यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो की माझ्या लोकांनी मला, जिवंत पाण्याच्या झऱ्याला, सोडलं आणि स्वतःसाठी फुटकी टाकी खोदली ज्यांत पाणी राहत नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरात टाकं होतं आणि बहुतेकांनी कधी ना कधी गळकं टाकं भोगलेलं होतं, त्यामुळे हे वाक्य त्यांना कुठे लागलं असेल याचा अंदाज करा.

त्याच यिर्मयाला पुढे, ३८ व्या अध्यायात, खरोखरच टाक्यात टाकतात. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या सैन्याचा वेढा पडलाय, शहरात अन्न संपत आलंय, आणि हा म्हणतोय शरण जा. अधिकारी चिडतात, राजा सिद्कीया हात झटकतो, मग यिर्मयाला दोरांनी पहारेकऱ्यांच्या चौकातल्या टाक्यात सोडतात. तिथे लिहिलंय की टाक्यात पाणी नव्हतं, चिखल होता, आणि यिर्मया चिखलात रुतला. पाणी संपलेलं टाकं म्हणजे तळाचा गाळ, बरोबर. बाटलीच्या आकारामुळे भिंती वर जाताना आत झुकतात, त्यामुळे कितीही धडपड केली तरी एकट्याने चढता येत नाही. एबद-मलेख नावाचा राजवाड्यातला कूशी (इजिप्तच्या दक्षिणेकडच्या कूश देशाचा) सेवक तीस माणसं घेऊन येतो आणि दोराबरोबर फाटक्या जुन्या चिंध्या खाली सोडतो, म्हणतो, या काखेत घाल आणि मग दोर घे. म्हाताऱ्या माणसाला चिखलातून ओढून काढताना दोर काखेत कापेल हे त्याच्या लक्षात आलं. एवढ्या मोठ्या ग्रंथात ही चिंध्यांची गोष्ट कुणीतरी आवर्जून लिहून ठेवली.

टाकी फक्त यहूदाची, म्हणजे यरुशलेम ज्याची राजधानी होती त्या राज्याचीच गोष्ट नव्हती हेही सांगायला हवं. शेजारच्या मवाबचा राजा मेशा, इ.स.पूर्व नवव्या शतकातला, त्याचा शिलालेख १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधल्या धिबान इथे सापडला आणि आज पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे. त्यात तो लढायांबरोबर हेही अभिमानाने सांगतो की शहरात टाकं नव्हतं, तेव्हा मी लोकांना सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या घरात टाकं खोदा. यहूदाचा राजा उज्जीया याच्याबद्दलही इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात येतं की त्याने रानात बुरूज बांधले आणि पुष्कळ टाकी खोदली, कारण त्याची गुरं खूप होती.

आता यहूदाचा राजा हिज्कीया. हा भाग मी जरा निवांत सांगणार आहे.

इ.स.पूर्व ७०१. अश्शूरचा (असिरियाचा) राजा सन्हेरीब यहूदावर चालून येतो. त्याच्या स्वतःच्या नोंदीत तो म्हणतो की मी ४६ तटबंदीची शहरं घेतली आणि हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं. हे संकट येणार हे हिज्कीयाला आधीच दिसत होतं. २ इतिहास ३२ मध्ये लिहिलंय की त्याने आपल्या सरदारांशी सल्लामसलत करून शहराबाहेरचे झरे बुजवले, कारण अश्शूरच्या राजांनी इथे यावं आणि त्यांना भरपूर पाणी मिळावं हे कशाला? आणि त्याच अध्यायात पुढे, त्याने गीहोनचं पाणी बंद करून ते खालून दावीदपुराच्या पश्चिमेकडे आणलं. २ राजे २० मध्येही थोडक्यात तळं आणि पाट बांधल्याचा उल्लेख आहे.

म्हणजे केलं काय? झरा बाहेर, तो हलवता येत नाही. तर डोंगराच्या पोटातून बोगदा काढून पाणीच तटाच्या आत आणायचं आणि बाहेरचं तोंड झाकून टाकायचं. हा बोगदा आजही आहे, त्यातून आजही पाणी वाहतं, आणि लोक गुडघाभर पाण्यातून टॉर्च घेऊन चालत जातात. लांबी ५३३ मीटर. सरळ रेषेत अंतर आहे साधारण ३२० मीटर, पण बोगदा इंग्रजी एस अक्षरासारखा वळणं घेत जातो. उतार? एवढ्या लांबीत एकूण जेमतेम ३० सेंटिमीटर. लेव्हल मशीन नाही, होकायंत्र नाही, तेलाच्या दिव्यांच्या उजेडात, लोखंडी टिकाव घेऊन, आणि तेही दोन्ही टोकांनी एकाच वेळी खणायला सुरुवात करून.

दोन टीम डोंगरात आंधळ्यासारख्या खणत एकमेकांना भेटल्या कशा? १८८० मध्ये बोगद्याच्या दक्षिण टोकाजवळ पाण्यात गेलेल्या एका मुलाला भिंतीवर अक्षरं कोरलेली दिसली. जुन्या हिब्रू लिपीतला सहा ओळींचा लेख. त्यात राजाचं नाव नाही, देवाचं नाव नाही, फक्त शेवटच्या क्षणाचं वर्णन आहे. थोडक्यात असं, की खणणारे टिकाव घेऊन समोरासमोर येत होते, अजून तीन हात खडक कापायचा बाकी होता तेव्हा एक माणूस दुसऱ्याला हाक मारताना ऐकू आला, कारण खडकात उजवीकडे फट होती, आणि ज्या दिवशी आरपार झालं त्या दिवशी टिकावाला टिकाव भिडला, पाणी उगमापासून तळ्यापर्यंत १२०० हात वाहिलं, आणि खणणाऱ्यांच्या डोक्यावर खडकाची उंची १०० हात होती. ५३३ मीटरला १२०० ने भागलं तर हात येतो ४४ सेंटिमीटरचा, म्हणजे माप व्यवस्थित जुळतं. हा लेख पुढे चोरांनी भिंतीतून कापून काढला, त्याचे तुकडे झाले, मग ते परत मिळवून इस्तंबूलला नेले, कारण तेव्हा तिथे उस्मानी तुर्कांचं राज्य होतं, आणि तो आजही तिथल्या पुरातत्त्व म्युझियममध्ये आहे.

बोगद्यात जिथे दोन टीम भेटल्या तिथे आजही बघता येतं, एका बाजूला टिकावाचे घाव एका दिशेने, दुसऱ्या बाजूला उलट दिशेने. भेटण्याच्या आधी थोडं चुकीच्या दिशेने खणून सोडून दिलेले कोपरेही आहेत, म्हणजे आवाज ऐकून दिशा बदलत गेले. कसं जमलं यावर दोन मतं प्रामुख्याने आहेत. एक, चुनखडीत आधीच असलेली पाण्याची नैसर्गिक फट त्यांनी काही ठिकाणी धरली असावी, दुसरं, वर जमिनीवरून कुणीतरी हातोडा ठोकून खालच्यांना दिशा देत असावं. मला वाटतं दोन्ही थोडंथोडं असेल. दक्षिणेच्या टोकाला छत एकदम पाच मीटरपर्यंत उंच जातं, ते मुद्दाम नाही, पाणी वाहावं म्हणून नंतर तळ खाली खोदत न्यावा लागला असं मानतात.

२००३ मध्ये बोगद्याच्या गिलाव्यात अडकलेल्या वनस्पतींच्या अवशेषांचं कार्बन डेटिंग आणि छतावरच्या चुन्याच्या लोंबांचं वेगळ्या पद्धतीने डेटिंग झालं आणि काळ निघाला इ.स.पूर्व ७०० च्या आसपास. काही अभ्यासक खोदाईची सुरुवात थोडी आधीची धरतात, कारण एवढं काम शत्रू दाराशी आल्यावर होणारं नाही.

आता हे सगळं डोक्यात ठेवून २ राजे १८ वाचा. सन्हेरीबचा अधिकारी रब्शाके सैन्य घेऊन येतो आणि उभा कुठे राहतो? वरच्या तळ्याच्या पाटाजवळ, परिटाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर. हीच जागा यशया ७ मध्येही येते, तिथे यशया संदेष्टा हिज्कीयाच्या बापाला, आहाज राजाला, भेटतो. पाण्याच्या पाटावर उभं राहून रब्शाके तटावरच्या लोकांना हिब्रूत ओरडून सांगतो की तुम्हाला स्वतःची विष्ठा खावी आणि स्वतःचं मूत्र प्यावं लागेल. आणि लगेच पुढे आमिष, शरण या, मग प्रत्येक जण आपल्या द्राक्षवेलीचं आणि अंजिराचं फळ खाईल आणि आपल्या टाक्याचं पाणी पिईल. त्याला नेमकं माहीत होतं की या शहराची नस कुठे आहे. त्याला हे माहीत होतं की नाही कोण जाणे, की पाणी तोवर डोंगराच्या पोटातून आत वळलेलं होतं. शहर पडलं नाही, एवढं बायबलही सांगतं आणि सन्हेरीबच्या नोंदीतही ते घेतल्याचा दावा नाही.

यशयाला मात्र या कामाचं नुसतं कौतुक नव्हतं. २२ व्या अध्यायात तो म्हणतो, तुम्ही खालच्या तळ्याचं पाणी गोळा केलं, यरुशलेमची घरं मोजली, तट मजबूत करायला घरं पाडली, जुन्या तळ्याच्या पाण्यासाठी दोन भिंतींमध्ये हौद केला, पण हे ज्याने घडवलं त्याच्याकडे तुम्ही पाहिलं नाही. घरं पाडली हा तपशील विसरू नका. मोठ्या पाणी प्रोजेक्टसाठी कुणाची तरी घरं जातात, ते तेव्हाही झालं आणि त्याची नोंद ठेवणारा एक जण होता.

यरुशलेमच्या बाहेर गिबोनला एकदा नजर टाकू. आजचं अल-जीब. तिथे जेम्स प्रिचर्ड यांनी १९५६ पासून उत्खनन केलं आणि कातळात खोदलेली एक गोल प्रचंड विहीर मिळाली, ११.८ मीटर रुंद, १०.८ मीटर खोल, कडेने गोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि त्या तळातूनही पुढे खाली पाण्यापर्यंत जातात. घागरींचे कान सापडले त्यांवर गिबोन असं कोरलेलं. २ शमुवेल २ मध्ये दावीदाचा सेनापती यवाब आणि शौलाच्या घराण्याचा सेनापती अबनेर यांची माणसं गिबोनच्या तळ्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसतात, दोन्हीकडची बारा-बारा तरुण मुलं उठतात आणि एकमेकांना भोसकून सगळी मरतात, ती हीच जागा असं बहुतेक मानतात. उत्तरेकडच्या मगिद्दो आणि हासोर या शहरांतही इस्राएलच्या आहाब राजाच्या सुमारास खोल उभे खड्डे आणि बोगदे काढून तटाच्या आतून पाण्यापर्यंत पोचायची सोय केलेली आहे.

परत यरुशलेम. बोगद्याचं पाणी जिथे बाहेर पडतं त्या भागात शिलोहचं तळं. योहान ९ मध्ये येशू थुंकीने चिखल करून आंधळ्याच्या डोळ्यांना लावतो आणि सांगतो, जा, शिलोह तळ्यात धू. बरीच वर्षं लोकांना तिथे जे छोटं तळं दाखवलं जायचं ते बायझंटाईन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) काळातलं, पाचव्या शतकातल्या चर्चच्या बाजूचं. खरं तळं २००४ मध्ये मिळालं, तेही ड्रेनेजच्या पाइपचं काम चालू असताना. मशीनखाली दगडी पायऱ्या दिसल्या, राइश आणि शुक्रोन यांनी काम थांबवून उत्खनन केलं, आणि एका बाजूची लांबी निघाली जवळपास ७० मीटर. पायऱ्यांची रचना अशी की पाच पायऱ्या, मग रुंद कट्टा, परत पाच, परत कट्टा, म्हणजे पाणी कितीही चढलं-उतरलं तरी माणसाला काठाशी आरामात उभं राहता यावं. गिलाव्यात रुतलेल्या नाण्यांवरून तळं येशूच्या आधीच्या शतकात बांधलेलं आणि इ.स. ७० मध्ये रोमनांनी शहर उद्ध्वस्त करेपर्यंत वापरात होतं हे कळलं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच जागेजवळच्या एका भल्यामोठ्या बंधाऱ्याचा काळ गिलाव्यातल्या काड्या आणि गवतावरून काढला, तो आला इ.स.पूर्व ८०५ ते ७९५, म्हणजे हिज्कीयाच्याही शंभर वर्षं आधी तिथे पाणी अडवण्याचं काम सुरू झालेलं होतं.

मंडपांच्या सणाला, या यहुदी सणाला, याजक (मंदिरातले पुजारी) या शिलोहमधून सोन्याच्या सुरईत पाणी भरून मंदिरात नेऊन वेदीवर ओतायचे. हा सण येतो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे उन्हाळ्याचा अगदी शेवट, टाकी तळाला गेलेली, झरा मंदावलेला, सगळ्यांचे डोळे आभाळाकडे. अशा वेळी भरलेल्या गर्दीत येशू उभा राहून मोठ्याने म्हणतो, कोणी तान्हेला असेल तर त्याने माझ्याकडे यावं आणि प्यावं (योहान ७). त्या आठवड्यात, त्या शहरात हे ऐकणं म्हणजे काय असेल!

बेथेस्दा शहराच्या उत्तरेला, मेंढरे दरवाजाजवळ, आजच्या संत अन्ना चर्चच्या आवारात. योहान ५ मध्ये पाच पडव्या असलेलं तळं म्हटलंय. खोदल्यावर दिसलं की ते एक नाही, दोन तळी आहेत, मध्ये साडेसहा मीटर जाडीची भिंत. चार बाजूंना चार पडव्या आणि मधल्या भिंतीवर पाचवी, असं ते जमतं. ती मधली भिंत मुळात ओढ्यावरचा बंधारा होता, त्याच्या मागे उत्तरेकडे पावसाचं पाणी साठायचं. पाणी हलवलं जातं तेव्हा जो आधी उतरेल तो बरा होतो अशी तिथे समजूत होती, आणि देवदूत येऊन पाणी हलवतो हे सांगणारं चौथं वचन सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाही. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की उत्तरेचं तळं साठ्याचं, दक्षिणेचं धार्मिक स्नानाचं, आणि मधली झडप उघडली की दक्षिणेच्या तळ्यात पाणी खळखळायचं. मला हे पटतं. तो अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस म्हणतो, मला पाण्यात सोडायला कोणी नाही, मी जाईपर्यंत दुसरा उतरतो. इतक्या खोल तळ्याच्या निसरड्या पायऱ्या आणि पाय न चालणारा माणूस, त्याचं म्हणणं किती खरं होतं.

शेवटी सगळ्यात मोठा टप्पा. मंदिर मोठं झालं, सणाला प्रचंड संख्येने यात्रेकरू यायला लागले, बळींचं रक्त धुवायला पाणी, शुद्धीच्या स्नानाला पाणी. गीहोन आणि टाकी पुरेनात. मग बेथलेहेमच्या नैर्ऋत्येला, आजच्या अर्तास गावाजवळ, दरीत एकाखाली एक असे तीन अवाढव्य तलाव झाले, तिन्ही मिळून दोन लाख घनमीटरच्या वर. त्यांना शलमोनाची तळी म्हणतात कारण उपदेशकाच्या पुस्तकात मी आपल्यासाठी तळी केली असं वाक्य आहे, पण ती शलमोनाच्या कितीतरी शतकं नंतरची, हेरोद राजाच्या आधीपासून सुरू होऊन पुढे टप्प्याटप्प्याने झालेली. तिथून मंदिरापर्यंत पाट, साधारण २१ किलोमीटर, डोंगराच्या अंगाने वळत वळत, कारण पंप नसताना पाणी फक्त उतारानेच येणार. तळी आणि मंदिर यांच्या उंचीत फरक अवघा ३० मीटर, म्हणजे किलोमीटरला दीड मीटरही नाही. आणि या तळ्यांनाही पाणी कमी पडू लागलं तेव्हा आणखी दक्षिणेला अल-अर्रूबच्या झऱ्यांपासून जवळपास ४० किलोमीटरचा नागमोडी पाट.

याच पाण्यावरून रोमन सुभेदार पिलाताचं प्रकरण झालं, तोच पिलात ज्याने येशूला वधस्तंभाची शिक्षा दिली. जोसेफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार लिहितो की पिलाताने पाट बांधायला मंदिराच्या खजिन्यातले, देवाला वाहिलेले पैसे वापरले. लोक हजारोंनी जमून ओरडू लागले. पिलाताने सैनिकांना साध्या कपड्यांत गर्दीत मिसळायला सांगितलं, कपड्यांखाली सोटे, आणि इशारा होताच त्यांनी झोडपायला सुरुवात केली. कितीतरी माणसं मारली गेली, काही पळापळीत तुडवली गेली. लोकांचा राग पाण्यावर नव्हता. पाणी सगळ्यांनाच हवं होतं. ज्या पैशाला हात लावायचा नाही त्याला न विचारता हात लावला, हा राग होता.

पाट मात्र टिकले. रोमन गेले, बायझंटाईन आले, मुसलमान राज्यकर्ते आले, ज्याने त्याने तेच पाट दुरुस्त करून वापरले, सोळाव्या शतकात उस्मानी सुलतान सुलेमानने पाट दुरुस्त केला, पुढे काही भागात त्यातच मातीचे पाइप टाकले गेले. १९१८ मध्ये ब्रिटिश लष्कराने यरुशलेमला पाणी द्यायचं ठरवलं तेव्हा त्यांचे इंजिनिअरही गेले ते अल-अर्रूबच्या त्याच झऱ्यांवर, फक्त यावेळी पंप आणि लोखंडी पाइप घेऊन.